मोकळी जागा वाया जात नाही

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाचं वार्तापत्र मी संपादित करते. दर तीन महिन्यांनी निघणारा हा अंक देखणा असावा, असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडायची. लोकांच्या वर्गणीतून अंक निघतो; त्यात अर्धं पान कोरं सोडणं म्हणजे उधळपट्टी, हे माझं ठाम मत. मजकुरात दम असेल तर वाचणारा वाचतोच, नटवेपणा लागतो तो दम नसला की, असंही मी बैठकीत सुनावत असे. आमची पिढी ‘निरोप्या’ आणि ‘सुवार्ता’ ही ख्रिस्ती मासिकं वाचत वाढलेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुवार्ते’चं मोल आम्ही कधी कागदाच्या चकाकीवरून ठरवलं नव्हतं.

ते मत आता मी सोडलं आहे. पण एखादा सुंदर अंक पाहून भुलले, असं मात्र झालेलं नाही. आमच्या तरुणांनी पहिल्यांदा केलेला रंगीत नाताळ अंक मला बिलकूल आवडला नव्हता, आणि आजही आवडत नाही. मजकुरामागे बर्फाने लगडलेली सूचिपर्णी झाडं, जांभळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, पानोपानी इंटरनेटवरून उचललेली परदेशी कुटुंबं. बाहेर केळीच्या बागा आणि अंकात बर्फ!

माझं मत हललं ते लोक अंक कसा हाताळतात हे पाहिल्यावर. रविवारी मिस्साबलिदान आटोपून माणसं आवारात येतात, अंक घेतात आणि थेट मागून उघडतात. संपादकीय, चिंतन, अहवाल सगळं नंतर. आधी शेवटचं पान: कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न ठरलं, कोण देवाघरी गेलं. एका आजींनी ते पान हातभर लांब धरून पाहिलं, डोळ्यांजवळ आणलं, उन्हात नेलं आणि शेवटी नातवाच्या हातात दिलं. ‘‘वाच बाबा, कोण कोण गेलं ते.’’ आमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान सगळ्यात बारीक टाइपात होतं, कारण उरलेल्या जागेत ते कोंबावं लागे. कोरी जागा वाचवली, पण आजींचं वाचन गेलं. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

मग त्याच तरुणांपैकी एका मुलीशेजारी मी संगणकासमोर बसले. तिने तीच निधनवार्ता दोन तऱ्हांनी लावून दाखवली. पहिलीत ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकलेला. दुसरीत टाइप थोडा मोठा आणि ओळींमध्ये हवा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर तिला पुरत नाही. परिच्छेद दोन्ही कडांना ताणून बसवला की अरुंद रकान्यात आपले लांबलचक शब्द मावत नाहीत आणि मधे भगदाडं पडतात. ठळक टाइप लहान आकारात वापरला तर अक्षरांची पोटं बुजतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याचं गचाळ चिन्हांचं रान होतं, म्हणून तिने सगळा अंक युनिकोडमध्ये आणला आणि ‘मुक्ता’ हा मोफत मिळणारा फॉन्ट निवडला. यात नटवेपणा कुठेच नव्हता. होती ती वाचणाऱ्याची काळजी.

शिवाय अक्षरांच्या रूपाची काळजी ही काही आजची थेरं नव्हेत. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण छपाईचे देवनागरी खिळे नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळ्यांच्या घडणीसाठी मेहनत घेतली आणि तिथेच तयार झालेल्या जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’ छापखाना उभारला. मजकूर भक्कम असला की रूप कसंही चालतं, असं त्या मंडळींनी मानलं असतं तर आपण अजून ओबडधोबड अक्षरं वाचत बसलो असतो.

रंगांचं भांडण तर फारच सोपं निघालं. उपासनेच्या वर्षाने रंग आधीच ठरवून दिलेत: आगमनकाळ आणि उपवासकाळाला जांभळा, सामान्य काळाला हिरवा, पेन्टेकॉस्टला लाल. नाताळ आणि ईस्टरचा पांढरा कागदावर छापता येत नाही, तिथे सोनेरी. आता काळ्या शाईच्या जोडीला आम्ही तेवढा एकच रंग वापरतो. खर्च आटोक्यात राहतो आणि वेदीवरचं वस्त्र नि हातातला अंक एकमेकांशी जुळतात. चित्रंही आपलीच: आवारातला क्रूस, गोठ्याची तयारी, लुगडं नेसून वाचन करणारी बाई.

सगळ्यात मोठा फरक मात्र पडला मजकुरात. टाइप वाढवला, कडा सोडल्या की पानात शब्द कमी बसतात. पानं वाढवायची म्हटली तर ती चाराच्या पटीतच वाढतात आणि बिल फुगतं. म्हणजे कापाकापी आली. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार अशा क्रमाने चालणारे अहवाल एका परिच्छेदावर आले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. सजावटीने मजकूर पातळ होईल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात मांडणीनेच त्यातलं पाणी काढलं.

तरुणांचं सगळंच मला पटतं असं समजू नका. देणगीदारांचे फोटो मुखपृष्ठावर घ्यायला माझा विरोध आहे आणि राहील. पान मोबाइलवर छान दिसतं एवढ्यावर ते छापायला जाऊ नये. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठीच तर छापायचं.

तेव्हा नाताळ अंकासाठी लिहिणाऱ्यांना विनंती: पाचशे शब्द पुरेत. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून पाठवा. आणि फीत कापणारे पाहुणे कृपया नकोत. त्यांच्या जागेवर बाप्तिस्मा झालेल्या बाळांची नावं मोठ्या टाइपात येणार आहेत.