पारव्यांच्या मागावर उत्तरेचा पाहुणा

पौषातल्या सकाळी खराडीत मुळा-मुठेवरचे धुके उशिरापर्यंत विरत नाही. ऊन प्रथम काचेच्या उंच इमारतींच्या माथ्यांना लागते. नगर रस्त्यालगतच्या दुकानांची शटरे उघडायला अद्याप अवकाश असतो. एखाद्या गच्चीवर कोणी श्रद्धेने ज्वारी टाकते, पारव्यांचा थवा उतरतो, आणि कधीकधी दाणे टिपता टिपता एकाएकी उधळतो. जाणता निरीक्षक अशा वेळी पारव्यांकडे पाहत नाही. त्याची नजर इमारतींच्या कठड्यांवरून फिरते.

तेथे बसलेला पक्षी आकाराने कावळ्याएवढा. पाठ निळसर राखाडी, पांढरट पोटावर आडव्या काळ्या रेघा, गालावर ठळक काळी मिशी. हा बहिरी ससाणा. नावाचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. अरबीत ‘बहर’ म्हणजे समुद्र, त्यावरून ते आले. नवखा मनुष्य घारीलाच ससाणा समजतो, परंतु घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती निवांत घिरट्या घालते. बहिरी उंचावरून पंख आवळून झेपावतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते.

सह्याद्रीच्या कड्यांवर याचा भाऊबंद शाहीन बारमाही राहतो. हिवाळ्यात येणारे पाहुणे मात्र थेट सैबेरियाच्या टुंड्रातून येतात. कडा, खाली मोकळे आकाश आणि भक्ष्य, एवढेच त्यांना हवे असते. पारवा हाही मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. माणसाने सिमेंटचे कडे उभारले, त्यांवर आधी पारवा आला. त्याच्या मागोमाग बहिरीही येणारच. येथे तर नदीही जवळ आहे, आणि थंडीत खाली कवडीपर्यंत चक्रवाक व इतर बदके उतरतात.

पारवा पडतो तेव्हा ज्याने ज्वारी टाकली त्याचे मन कळवळते, आणि ते स्वाभाविकच आहे. श्वेतांबर परंपरेत शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवाची, मेघरथ राजाची कथा घरोघरी सांगितली जाते. पारवा राजाला शरण आला. मागून आलेल्या ससाण्यानेही आपल्या भुकेचा न्याय मागितला. राजाने त्याला हाकलून दिले नाही. तराजू मागवला आणि स्वतःचे मांस पारड्यात घातले. कथा सांगताना पारव्याचे प्राण वाचले, हे आवर्जून सांगितले जाते. ससाण्याचे म्हणणे राजाने ऐकून घेतले, हे बहुधा राहून जाते.

या पक्ष्याने माणसाच्या हातूनही पुष्कळ सोसले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटीसारखी कीटकनाशके भक्ष्यातून त्याच्या शरीरात साचली, अंड्यांची कवचे पातळ झाली आणि युरोप-अमेरिकेत बहिरी झपाट्याने घटला. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. १९९९ मध्ये तेथील संकटग्रस्त यादीतून त्याचे नाव निघाले. आज न्यूयॉर्कच्या पुलांवर व इमारतींवर तो पिले वाढवतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. तरी संक्रांतीचा आठवडा त्यालाही अवघड जातो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे. मात्र तो मांजा ज्या दुकानांतून विकला जातो, ती आपल्याच बाजारपेठांत आहेत. मांजात अडकलेला ससाणा सापडलाच, तर हलकेच कापड टाकून त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे, खायला-प्यायला काही न देता लगेच वनविभागाला कळवावे. दिल्लीच्या लाल मंदिरातील प्रसिद्ध पक्षी रुग्णालयात मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना वॉर्डात ठेवून घेण्याची प्रथा नाही. त्या अडचणीचे उत्तर प्रत्येक जीवदया मंडळाला आपापल्या गावी शोधावे लागते.

पाहायचे असेल तर सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. साधी दुर्बीण पुरते, धीर मात्र हवा. होळी उलटली की हे पाहुणे उत्तरेची वाट धरतात आणि पारवे पुन्हा निर्धास्तपणे कठड्यांवर रांगेने बसू लागतात.