विमान स्वस्त, पिशवी महाग

नागपूरला इंदोऱ्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले आणि घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो मायचा. माय पंचाहत्तरीला टेकलेली, दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही अंबरनाथचे. दरवेळी कल्याणला जाऊन गाडी धरतो, रात्र काढतो आणि सकाळी नागपूर येते. चौदा-पंधरा तासांचा प्रवास. डब्याच्या उंच पायऱ्या, गाडीतला संडास हे आता तिला झेपत नाही. "मी इथूनच पोरीले आशीर्वाद देतो, तुम्ही जाऊन या," असे ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

थोरल्या मुलीने मोबाईलवर पाहून सांगितले, "पप्पा, विमान 3,499 रुपये. दीड तासात नागपूर." कंपनीतून रजा तीनच दिवसांची मिळाली होती. मनात हिशेब केला. आगगाडीपेक्षा पैसे जास्त, पण माय येईल. आम्ही नवरा-बायको, माय, थोरली आणि दहा वर्षांचा धाकटा अशी पाच तिकिटे काढायची ठरली. ही गोष्ट 2025 च्या फेब्रुवारीतली. पाच साडेतीन हजार म्हणजे साडेसतरा हजार, एवढेच मी धरून चाललो होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, इथून पुढे मोबाईलवर जे घडले ते बाजारात भाजीवाल्याने केले असते तर आपण पाटी उलटी करून आलो असतो. नावे भरून पुढे गेलो तर विमा आला, माणशी 199 रुपये. नको म्हणायचे तर जे बटण दाबायचे त्यावर लिहिलेले, मी धोका पत्करतो. माझी बायको तिथेच थांबली. म्हणाली, "सासूबाईंच्या नावापुढे असं कसं दाबायचं?" त्या एका वाक्याने हजार रुपये जात होते. त्यानंतर खुर्च्यांचा नकाशा आला. खिडकीची खुर्ची वेगळी, पुढची वेगळी, पाय पसरायला जागा असलेली त्याहून महाग. फुकट खुर्ची हवी असेल तर काय करायचे ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत. मग जेवण. मग लवकर सामान मिळण्याचे पैसे. शेवटी पैसे भरताना माणशी तीनशे रुपये सोयीचे शुल्क. मुलीला विचारले, ही कोणाची सोय? तिकीट तू काढलेस, मोबाईल आपला, पैसे आपले. ती हसली. पाच जणांचे दीड हजार तिथे गेले.

या फसव्या पद्धतींना सरकार-दरबारी नाव आहे, हे मला नंतर कळले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा 13 पद्धती अनुचित ठरवल्या. ग्राहकाला न विचारता टोपलीत माल सरकवणे, सुरुवातीला कमी भाव दाखवून थेंबाथेंबाने वाढवणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, दोनच जागा उरल्या असे सांगून घाई करवणे, हे सारे त्यात आहे. लाजवण्याच्या प्रकाराला उदाहरण म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरचा विमाच दिलेला आहे. म्हणजे माझी बायको जिथे अडली, तिथे देशातले कितीतरी लोक तिच्याआधी अडले असणार.

स्वस्त विमानाचा हा धंदा आपल्याकडे 2003 साली आला. एअर डेक्कन नावाच्या कंपनीने कमी भाड्यात विमाने चालवली, कर वेगळे धरून एक रुपयातही काही तिकिटे विकली. तोपर्यंत विमान म्हणजे मंत्री आणि सिनेमावाले. त्या कंपनीमुळे साधा माणूस पहिल्यांदा आकाशात गेला, हे कबूल केलेच पाहिजे. विमानात जेवण फुकट नाही, ही रीतही तेव्हाच पडली आणि तीत मला काही गैर दिसत नाही. ज्याला खायचे त्याने विकत घ्यावे. आम्ही मेथीच्या पोळ्या आणि चटणी बांधून नेली होती, कोणी अडवले नाही. प्यायला पाणी मागितले ते मिळाले. माझी तक्रार एवढीच, की भाडे एक सांगायचे आणि घ्यायचे दुसरे, हे कशासाठी? दुकानदार पिठाचा भाव सांगताना दळणाळ वेगळी असेल तर आधी सांगतो.

निघायच्या पाच दिवस आधी थोरलीच्या परीक्षेची तारीख बदलली आणि तिचे जाणे रद्द झाले. तिकीट रद्द करायला गेलो तर हातात काही पडेना. आम्ही ते पैसे गेले म्हणून सोडून दिले. आमच्या चाळीतला एक मुलगा विमानतळावर सामान चढवायचे काम करतो. तो म्हणाला, "काका, भाडं जाईल, पण कर कसा जाईल?" त्याने तिकिटाची पावती उघडून एकेक ओळ वाचून दाखवली. मूळ भाडे कंपनीचे. पण त्याखाली हवाई सुरक्षा शुल्क, विमानतळ वापर शुल्क, जीएसटी या ओळी होत्या. ही रक्कम कंपनी आपल्याकडून दुसऱ्यांसाठी घेते. माणूस विमानात बसलाच नाही, तर ती परत द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तिकीट सवलतीचे असो, की न कळवता माणूस गैरहजर राहिलेला असो, कर परत करायचे आणि त्या परताव्यासाठी वेगळा आकारही लावायचा नाही. रद्द करण्याचे शुल्कही मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. आम्ही लेखी मागणी केली. पाचशेच्या आत-बाहेर रक्कम तीन आठवड्यांनी खात्यात आली. रक्कम मोठी नाही. पण आमच्या दोन दिवसांच्या भाजीपाल्याची आहे, आणि मागितली नसती तर आली नसती.

विमान पहाटेचे होते, कारण स्वस्त ते पहाटेचे. अंबरनाथहून त्या वेळी लोकल मिळून उपयोग नाही, म्हणून रात्री दोनला गाडी केली. तिचे पंधराशे. हे काही कंपनीच्या पावतीत येत नाही, पण खिशातून जातेच. मायसाठी चाकाची खुर्ची आम्ही दोन दिवस आधी सांगून ठेवली होती. तिचे पैसे पडले नाहीत. ढकलणारा पोरगा बोलका होता. माय खुर्चीत बसून इकडे तिकडे बघत चालली होती आणि मला म्हणाली, "बाबू, लय उजेड आहे रे इथं."

खुर्च्यांचे पैसे आम्ही भरले नव्हते, त्याचा भुर्दंड विमानात कळला. धाकटा आईजवळ होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाप यांपैकी एकाच्या शेजारी खुर्ची द्यावी असा आदेश 2024 च्या एप्रिलमध्ये निघाला आहे. म्हाताऱ्या माणसासाठी मात्र तसा आधार आम्हाला मिळाला नाही. मी आठव्या रांगेत आणि माय सव्विसाव्या रांगेत, दोन अनोळखी माणसांच्या मधोमध. तिला पट्टा कसा लावायचा ते माहीत नाही, हिंदी तोडकीमोडकी. विमान वर उठेपर्यंत मला उठता येईना. मान वळवून पाहिले तर तिच्या पांढऱ्या लुगड्याचा पदरही दिसेना. शेजारच्या एका मुलीने तिचा पट्टा लावला आणि हात धरून ठेवला, हे मायने उतरल्यावर सांगितले. अडीचशे रुपये वाचवले होते मी. परतीच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची मी पैसे मोजून घेतली.

नागपूर आले. सोनेगावच्या या विमानतळाला 2005 साली बाबासाहेबांचे नाव दिले गेले. मायने ते नाव पाटीवर पाहिले, खुर्ची थांबवायला लावली आणि बसल्या जागी हात जोडले.

या विमानतळाची एक जुनी गोष्ट मला भाऊजींनी सांगितली. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. 1949 पासून पुढे कित्येक वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्री इथे नागपुरात एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्यामुळे हा मान नागपूरचा. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. विमानाचे वेगळे तिकीट लावायला नको, साध्या तिकिटावर पत्र आकाशातून जाई. भाऊजी हे सांगताना खूप खुलले होते.

लग्न छान झाले. त्यावर लिहायला इथे जागा नाही. परतीच्या सामानावर मात्र लिहिलेच पाहिजे.

परतीची तिकिटे काढताना मुलीने एक शहाणपण केले होते. सामान न नेणाऱ्याला 250 रुपये कमी, असे भाडे होते. 2021 च्या फेब्रुवारीपासून कंपन्यांना अशी सवलत द्यायला परवानगी आहे. म्हणजे नेहमीच्या तिकिटावर 15 किलो सामान विमानाच्या पोटात जाते, ते यात नाही. फक्त हातातली 7 किलोची पिशवी. चार तिकिटांवर हजार रुपये वाचले. पण नागपूरहून लग्न उरकून निघालेल्या माणसाकडे फक्त हातातली पिशवी असते काय? भावाने नवी तुरीची डाळ दिली, आठ किलो. वहिनीने संत्री दिली. दीक्षाभूमीवर दर्शन घेऊन येताना थोरलीने मागितलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे दोन खंड घेतले. ते खंड म्हणजे विटाच. भावाच्या घरी काटा नव्हता.

खिडकीवरच्या मुलीने सारे सामान काट्यावर ठेवायला लावले. एकूण 39 किलो. चौघांचे 28. अकरा किलो जास्त, किलोला 600 रुपये. 6,600 रुपये. मला वाटले ऐकण्यात चूक झाली. आठ किलो डाळीची बाजारात किंमत हजार-अकराशे आणि तिचे भाडे 4,800! मागे रांग लागलेली. बायकोने तिथेच फरशीवर पिशव्या उघडल्या. लुगडी, उरलेले लाडू, धाकट्याचे बूट सगळे लोकांसमोर. गरिबाचे सामान असे उघडे पडले की कान गरम होतात. कोणी काही बोलत नव्हते, तरी.

पुतण्या बाहेर दारापाशी उभा होता. विनातिकीट माणसाला आत घेत नाहीत. शिपायाला विनवून मी डाळीची पिशवी दारापर्यंत नेली आणि त्याच्या हातात दिली. राहिले तीन किलो. संत्री ठेवायची, की खंड? मी संत्र्यांना हात घातला तर माय म्हणाली, "पोरगी वाट पाह्यते." कशाची, ते तिने सांगितले नाही. शेवटी 1,800 रुपये भरले आणि दोन्ही आणले. वाचवलेले हजार गेले, वर आठशे गेले आणि डाळ नागपुरातच राहिली.

हा दर कोणी ठरवला, असा प्रश्न पडतोच. 2016 साली महासंचालनालयाने 20 किलोपर्यंतच्या जादा सामानाला किलोमागे 100 रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तुलना करायची तर आगगाडीच्या शयनयान डब्यात तिकिटामागे 40 किलो सामान मोफत नेता येते.

आमच्यासारखी घरे आता विमानाने जाणार, आजारपणासाठी, लग्नासाठी, मुलांच्या मुलाखतीसाठी. म्हणून जे अनुभवाने कळले ते सांगून टाकतो. सामान वाण्याकडे जाऊन काट्यावर तोलून घ्या. सामान वाढणार असे वाटले तर आधीच मोबाईलवरून जादा किलो विकत घ्या, खिडकीवरच्या दरापेक्षा ते स्वस्त पडतात. खिडकीवर बोर्डिंग पास काढून देण्याचे पैसे कोणी मागितले तर नियम विचारा. काही कंपन्या त्याचे दोनशे रुपये घेत असत. तसे घेता येत नाही असे विमान वाहतूक मंत्रालयाने 21 जुलै 2022 रोजी जाहीर केले. रिकामी बाटली बरोबर न्या आणि आतल्या नळावर भरा. तक्रार असेल तर एअरसेवा नावाची सरकारी सोय मोबाईलवर आहे, आणि ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915.

डाळ तीन आठवड्यांनी आली. पुतण्याला ठाण्याला नोकरीच्या मुलाखतीला यायचे होते, तो सेवाग्राम एक्सप्रेसने आला आणि पिशवी बर्थखाली ढकलून घेऊन आला. मायने दारातच विचारले, "हिचं किती तिकीट लागलं रे?" तो म्हणाला, "काहीच नाही, आजी." मायने पिशवीची गाठ सोडली, मूठभर डाळ हातात घेतली आणि सुनेला कुकर लावायला सांगितले.