ज्युनियर इथे, मग सिनियर कुठे?

गेल्या महिन्यात एका शनिवारी लेकाला घेऊन ट्रेन्टनला गेलो होतो. डेट्रॉईटच्या दक्षिणेला, नदीकाठी एक अभयारण्य आहे. नवाकोरा गळ हातात घेऊन स्वारी खुशीत होती. तिथल्या केंद्रावरची पाटी त्याने अक्षर अक्षर लावून वाचली : जॉन डी. डिंगेल ज्युनियर व्हिजिटर सेंटर. आणि मग प्रश्न, "बाबा, ज्युनियर इथे आहे, मग सिनियर कुठे?"

मासा काही मिळाला नाही, प्रश्न मात्र घरी आला :)

तर मंडळी, डिंगेल हे इथले खासदार. 1955 ते 2015, म्हणजे 59 वर्षांहून जास्त काळ प्रतिनिधिगृहात. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये इतकी वर्षं दुसरं कोणीच बसलेलं नाही. एवढं मला माहीत होतं. पण त्यांच्या आधी त्याच जागेवर 1933 पासून त्यांचे वडील होते आणि त्यांचंही नाव जॉन डिंगेलच, हे मात्र नव्हतं. आडनाव मूळचं पोलिश, जेंग्लेविच. आजोबांनी ते बदलून डिंगेल केलं.

1950 साली गळ, रीळ वगैरेंवरचा कर माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना देण्याचा कायदा झाला. त्याच्या नावातला डिंगेल म्हणजे वडील. 2019 सालच्या जमीन आणि वन्यजीव संवर्धनाच्या मोठ्या कायद्याच्या नावातला डिंगेल म्हणजे मुलगा. ते 7 फेब्रुवारी 2019 ला गेले आणि कायद्यावर सही झाली 12 मार्चला. म्हणजे लेकाच्या हातातल्या गळाशी सिनियरचा संबंध, आणि डोक्यावरच्या पाटीवर ज्युनियर!

मला खरं धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता. पुढे खासदार झाल्यावर 1943 मध्ये त्यांनी दोन सिनेटरांबरोबर सर्वांसाठी आरोग्य विम्याचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. 1955 मध्ये वडील गेले, त्याच डिसेंबरात 29 वर्षांचा मुलगा निवडून आला. आणि मग दर नव्या काँग्रेसच्या सुरुवातीला, म्हणजे दर दोन वर्षांनी, त्याने वडिलांचं ते विधेयक पुन्हा मांडलं. दशकानुदशकं. 1965 मध्ये म्हाताऱ्यांसाठीचा मेडिकेअर सभागृहात मंजूर झाला तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत तेच होते. तो हातोडा त्यांनी जपून ठेवला आणि 2010 च्या आरोग्य कायद्याच्या वेळी नॅन्सी पेलोसींच्या हातात दिला. वडिलांना हवं होतं ते सगळं तेव्हाही मिळालं नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, ही तर घराणेशाही! आहेच. ज्युनियरनंतर त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल निवडून आल्या. शिवाय हा माणूस डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांची बाजू इतकी घ्यायचा, की 2008 मध्ये त्याच्याच पक्षाने त्याचं समितीचं अध्यक्षपद काढून घेतलं. संत वगैरे मुळीच नव्हे. नावामुळे खुर्ची मिळते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण नावाबरोबर अर्धवट राहिलेलं कामही घ्यायचं असतं, हे मी तरी कधी मनावर घेतलं नव्हतं.

कारण मीही एक प्रकारचा ज्युनियरच. आमच्यात बापाचं नाव मधे येतं आणि आजोबांचं नातवाला. आबा गेले त्यानंतर वर्षाने मी जन्मलो, त्यांचंच नाव मला ठेवलं. आई सासऱ्यांचं नाव कशी घेणार? म्हणून घरीदारी मी बाळ्या.

आबा शाळामास्तर. आमची वाडी आणि शाळा यांच्यामध्ये वहाळ. पावसाळ्यात पोरांचे हाल. तिथे साकव व्हावा म्हणून आबा दरवर्षी मे महिन्यात अर्ज करायचे. प्रत्येकाची नक्कल ठेवलेली, खाली नाव लिहून सही. लहानपणी ट्रंकेत तो गठ्ठा सापडला तेव्हा इतक्या कागदांवर आपलं नाव बघून मी केवढा हरखलो होतो! वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही. मग शिकलो, इकडे आलो. साकव अजून झालेला नाही. आबांच्या नावाने मी आजवर कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या, व्हिसाच्या कागदांवर केल्या. वहाळासाठी एकही नाही.

असो. काका, हे वाचत असाल तर त्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या अर्जाचा फोटो काढून पाठवा. मजकूर तोच ठेवतो, तारीख तेवढी बदलतो. नाव बदलावं लागणार नाही.