गरोदरपणातली 'डोक्याची गोळी'

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाला दिवस गेले असतील तर शेवटपर्यंत वाचा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. या वेळी धाकट्या जावेला घेऊन मी गेले होते. वजन, बीपी, रक्त, लघवी, बाळाचे ठोके, सगळं नीट झालं. तक्रार काहीच नाही. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माझी मनाची गोळी चालू होती ना, ती मी बंद केली. बाळाला नको म्हणून."

माझ्या काळजात धस्स झालं. कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं.

मला लग्नाआधीपासून डिप्रेशनचा त्रास. सर्ट्रालिनची गोळी चालू होती आणि मी बरी होते. नोकरी, स्वयंपाक, येणं-जाणं, सगळं करत होते. दिवस गेल्याचं कळलं आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून सांगितलं, "मॅडम, अशात ही डोक्याची गोळी नको." सासूबाई म्हणाल्या, "बाळापेक्षा गोळी मोठी आहे का गं?" काळजीनेच म्हणाल्या. मी त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही.

चौथ्या महिन्यापासून झोप गेली. मग जेवण गेलं. अंघोळ करणंही डोंगराएवढं वाटायचं. घरचे म्हणायचे, डोहाळे कडक आहेत. सातव्यात डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, झोपाळ्यावर बसवून फोटो काढले. त्या फोटोत मी हसतेय. त्याच रात्री माझ्या मनात काय आलं ते इथे लिहीत नाही. समजून घ्या.

ते ओळखलं आमच्या आशाताईंनी. लोहाच्या गोळ्या घेते का, एवढंच विचारायला आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, झोपता का तुम्ही?" मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी मला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "गोळीचा धोका सगळे मोजतात, आजाराचा कुणी मोजत नाही." उपचार न केलेल्या डिप्रेशनमध्ये आई जेवत नाही, झोपत नाही, तपासण्या चुकवते. वेळेआधी बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ यांच्याशीही त्याचा संबंध दिसलेला आहे. गोळी एकदम तोडली की आजार उलटण्याची भीती मोठी. सर्ट्रालिन गरोदरपणात बऱ्याचदा वापरतात, पण धोका शून्य आहे असं त्यांनी सांगितलं नाही. बाळ जन्मल्यावर काही दिवस थरथरू शकतं, किरकिर करू शकतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. क्वचित बाळाच्या श्वासाचा त्रासही होऊ शकतो. आणि सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध तर गरोदरपणात टाळतातच. म्हणून ठरवायचं ते डॉक्टरांशी बोलून. मेडिकलच्या काउंटरवर नाही, स्वयंपाकघरातही नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. तीन-चार आठवड्यांनी मी पोटभर जेवले. मुलगी झाली. दोन दिवस थोडी थरथरत होती, डॉक्टरांनी नजर ठेवली, मग शांत झाली. अंगावरचं दूधही पाजलं. डॉक्टरांना विचारूनच. आज ती पहिलीत आहे आणि माझं डोकं खाते.

आता मुद्द्याचं. नऊ महिन्यांत माझं रक्त किती वेळा तपासलं, मोजदाद नाही. मन कसं आहे, हे तपासणीच्या टेबलावर एकदाही कुणी विचारलं नाही. जावेलाही नाही विचारलं. झोप लागते का? कशात मन रमतं का? मनाच्या आजाराची काही गोळी चालू होती का? तीन प्रश्न. याला ना मशीन लागतं ना बजेट. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा आपला हक्क आहे. एवढंच नाही, आई मानसिक उपचारांसाठी दाखल झाली तर तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडायचं नाही, असंही त्यात लिहिलंय. कायदा एवढा विचार करतो, मग ९ तारखेच्या रांगेत हे तीन प्रश्न का नाहीत? आपल्या आरोग्य केंद्रात, ग्रामसभेत हे विचारा. मी आमच्या ग्रामसभेत विचारणार आहे.

जावेला काल डॉक्टरांकडे नेलं. तिची गोळी त्यांनी लगेच सुरू केली नाही. सध्या ती बरी आहे, म्हणून दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलंय. प्रत्येकीचं वेगळं असतं, ते असं.

तुमच्या घरात कुणाची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, करायला लावू नका. डॉक्टर लांब असतील तर टेली-मानसचा १४४१६ नंबर लावा. मोफत आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता.

सासूबाईंनी ही पोस्ट वाचली. म्हणाल्या, "माझं वाक्य राहू दे तसंच. कुणीतरी शहाणं होईल."