टपावरचे ओझे

निवृत्ती दोन वर्षांवर आली असता मी आडवाटा तुडविणारी एक दणकट गाडी घेतली, आणि तिच्या टपासाठी कॅरिअर निवडावयास जालन्यातील एका दुकानात गेलो. जालना हे सळयांचे गाव. तेव्हा पोलादी कॅरिअर घ्यावे, त्यावर जादा चाक, दिवे, पाण्याचे कॅन सारे बांधावे, असा माझा थाट! दुकानदाराने विचारले, "सर, टप किती वजन सोसतो?" गाडीची पुस्तिका मी उघडलीही नव्हती. तिच्यातील मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावयाचे असते; म्हणून ॲल्युमिनियम बरे, असे तो म्हणाला.

मी मनाशी हिशेब केला. २० लिटरचे ५ कॅन म्हणजे १०० किलो, आणि तेही डोक्यावर! तीस वर्षे मुलांना गुरुत्वमध्य शिकविणारा मी ओशाळलो. कारण ही चूक पहिली नव्हती. २०१३ च्या दुष्काळात अंबड तालुक्यातील आमच्या गावी आईसाठी पाणी नेताना मी जुन्या जीपच्या टपावर असेच कॅन रचले होते. एका वळणावर जीप कलली, दोर तुटला, आणि निम्मे पाणी धुळीत गेले. आई एवढेच म्हणाली, "अण्णा बैलगाडीतसुद्धा ओझं तोलून भरायचे. तू तर टपावर विहीरच बांधलीस!"

अखेर हलके कॅरिअर घेतले. त्यावर तंबू नि अंथरुणे जातात. पाणी मात्र तळाशी, मागील आसनाला टेकून. आई आज नाही. पण कॅन ठेवताना मी अजूनही क्षणभर थांबतो, कोणी पाहत असल्यासारखा.