पंख्याचा आकडा दिसत नाही म्हणून कॉम्प्युटर भंगारात?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि शाळा-वाचनालयांतले चालते पीसी भंगारात काढायची भाषा सुरू झाली. यातले बरेच लिनक्सवर मजेत चालतात. त्यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, "लिनक्सला पंखा दिसतच नाही, मशीन जळेल."

आमच्या वाचनालयाच्या पीसीवर हेच झालं. 'सेन्सर्स' कमांड प्रोसेसरचं तापमान दाखवते, पंख्याचा वेग नाही. कर्नलचा लॉग पाहिला तर ड्रायव्हर आणि एसीपीआय यांच्यात एकाच पत्त्यावरून भांडण!

एसीपीआय म्हणजे बायोसचा, मदरबोर्ड सांभाळणारा भाग. पंखा मोजणाऱ्या चिपशी बोलायला खिडकी एकच. आधी रजिस्टरचा नंबर सांगायचा, मग आकडा घ्यायचा. दोघं एकदम खिडकीवर आले तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या हाती. लिहिताना असं झालं तर पंख्याची सेटिंगच बिघडायची. म्हणून २००९ च्या २.६.३१ पासून कर्नल अशा वेळी ड्रायव्हरला दारातच अडवतो. ही लिनक्सची खोड नाही, खबरदारी आहे.

नेटवर उपाय सांगतात, बूटच्या ओळीत 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' टाका. आकडे दिसतात, पण भांडण मिटत नाही, फक्त वॉचमन हटतो. सार्वजनिक मशीनवर मी ते करणार नाही. आधी बायोस आणि कर्नल नवा करून बघा. आसुसच्या बऱ्याच बोर्डांसाठी २०२२ च्या ५.१७ कर्नलपासून ड्रायव्हर बायोसमार्फतच आकडे मागतो, म्हणजे भांडणच उरत नाही.

आमच्या बोर्डाला अशी सोय मिळाली नाही. बायोसमध्ये पंखा 'ऑटो'वर ठेवला, तासभर लोड देऊन तापमान पाहिलं. ठीक आहे. पंखा बायोसच फिरवतो, आकडा दिसला नाही म्हणून तो थांबत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. बोर्डाची माहिती विक्रेत्याकडे मागितली तर उत्तर आलं, "आम्ही फक्त विंडोजचं बघतो." पैसा लोकांचा, मशीन लोकांचं, आणि आतली चिप कशी वाचायची ते मात्र गुपित! तेव्हा ग्रामपंचायत, शाळा, वाचनालय, जिथे कुठे तुमचा शब्द चालतो तिथे पुढच्या निविदेत एक अट घालून घ्या: मशीन लिनक्सवर चालवून, सेन्सरसकट दाखवा, मगच बिल.