डोक्यावरचा पावशेर

पुण्याच्या माणसाला त्याच्या डोक्याबद्दल काही सांगायला जाऊ नये. डोक्यात काय भरावं हे त्याला कुणी सांगितलेलं खपत नाही, आणि डोक्यावर काय घालावं हे तर मुळीच नाही. ज्या डोक्यावर एके काळी पगडी होती (२००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ती आता सत्कारापुरती उरली असली तरी कायद्यानं आमचीच आहे), त्या डोक्यावर प्लॅस्टिकचं भांडं उपडं घालायचं म्हणजे काय? २०१९च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध शहरात निदर्शनं झाली, त्यांत मीही होतो. म्हणजे अगदी त्यांत नव्हतो, पण फुटपाथवर उभा राहून मान डोलावली होती. हेल्मेटाविरुद्ध माझे चार मुद्दे तयार असत. मान अवघडते, ऐकू येत नाही, घाम येतो, आणि ओळखीचे लोक ओळखत नाहीत. यांपैकी चौथा हा तोटा नसून फायदा आहे, असं आमच्या हिचं मत.

तर असा मी, गेल्या महिन्यात वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आपल्या पायांनी दुकानात जाऊन हेल्मेट घेऊन आलो. तेही स्कूटरसाठी नव्हे, तर कड्याखाली उभं राहण्यासाठी.

त्याचं असं झालं. आमची कन्या गेली बारा वर्षं सह्याद्रीतले कडे चढते. लहानपणी कपाटावर चढायची तेव्हा कपाट हलवलं. मोठेपणी कडे चढायला लागली, ते काही मला हलवता येईनात. या बारा वर्षांत मी एकदाही बघायला गेलो नव्हतो. बँकेत असताना 'सुट्टी मिळत नाही' हे कारण बरं होतं. खरं कारण असं, की आपलं पोर दोराला लोंबकळताना बघण्यापेक्षा घरी बसून फोनकडे बघत बसणं मला सोपं वाटे. पण निवृत्त माणसाला सुट्टी मिळत नाही, हे कोण ऐकून घेणार?

"बाबा, येत्या रविवारी तैलबैलाला चल," ती म्हणाली. "तू काही करायचं नाहीस. नुसतं खाली उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायला काय लागतं?"

"हेल्मेट."

मला वाटलं होतं, हेल्मेट हे पडणाऱ्या माणसासाठी असतं. ती म्हणाली, पडणाऱ्यासाठी असतंच, पण दगड वरून खालीच येतात आणि खाली प्रेक्षक असतात. चढणाऱ्याच्या पायाखालून खडे निसटतात, दोर घासून निसटतात, आणि आपल्या डोंगरांत माकडं असतात. माकड पळताना मागे बघत नाही.

यावर मी वाद घालू शकलो नाही, कारण मला १९८२ साल आठवलं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं आम्ही चौघं चढत होतो. डोक्याला पंचे गुंडाळलेले, खांद्यावर शाळकरी पिशव्या. ती वाट म्हणजे सुट्या दगडांची खाणच. वरच्याच्या पायाखालून नारळाएवढा एक दगड सुटला आणि आमच्या एका मित्राच्या पंच्याला लागून गेला. सात टाके. तो पुढे आमच्याच बँकेत मॅनेजर झाला, त्यामुळे मेंदूला इजा झाली होती की नाही यावर अजून मतभेद आहेत. पण तो पंचा मी पिळला होता. त्यातून काय निघालं ते मी घरी कधी सांगितलं नाही.

दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. दाढी मात्र पन्नाशीची. मी आधीच धोरण ठरवून गेलो होतो. म्हटलं, "ते बांधकामावर वापरतात तसलं पिवळं चालेल. स्वस्तही पडतं."

"काका, त्याचा पट्टा जोर आला की सुटावा असाच बनवलेला असतो. कामगार कुठं अडकला तर पट्ट्यानं गळा आवळू नये म्हणून. तुम्ही पडलात तर पट्टा सुटून चालणार नाही. लोटांगण घालताना हेल्मेट पहिल्या ठेचेलाच गेलं, तर पुढच्या ठेचांना काय देणार?"

ही उपमा मला पटली. मग त्यानं युरोपातल्या मानकाची गोष्ट सांगितली. पाच किलोचा गोळा दोन मीटरवरून हेल्मेटावर सोडतात आणि खालच्या नकली डोक्यापर्यंत किती जोर पोचला ते मोजतात. साधारण हजार किलोच्या भारापेक्षा जास्त पोचला तर हेल्मेट नापास.

"हजार किलोपर्यंत चालतात?" मी मान चाचपत विचारलं.

"क्षणभरच येतात, काका. आणि हेल्मेट नसलं तर किती येतात, ते कुणी मोजत बसत नाही."

त्यानं टेप काढली. भुवयांच्या दोन बोटं वरून डोक्याभोवती फिरवली आणि "अठ्ठावन्न" म्हणाला. आयुष्यात माझ्या डोक्याचं माप असं कुणी इतक्या आदरानं घेतलं नव्हतं. लग्नात फेट्यासाठीसुद्धा नाही; तेव्हा मामांनी नुसतं बघूनच "मोठा लागेल" म्हटलं होतं.

पहिलं हेल्मेट टणक कवचाचं, आत पट्ट्यांची जाळी असलेलं. ते डोक्यावर न बसता डोक्याच्या वर बसलं. आरशात पावसाळ्यात उगवलेली अळंबी दिसत होती. दुसरं हातात घेतलं आणि मी दचकलो. वजनच नाही! सगळा फेसाचा प्रकार, वर पातळ कवच. "पावणेदोनशे ग्रॅम," तो म्हणाला. म्हणजे पावशेराच्या आत. एवढ्यात चांगला हापूससुद्धा येत नाही. पावशेर वस्तूनं हजार किलो अडवायचे, हे माझ्यातल्या कर्ज खात्याच्या माणसाला पटेना. तारण फार कमी वाटत होतं. तो म्हणाला, दगड लागला की फेस स्वतः चेपतो आणि जोर खातो. म्हणून जबर मार बसला की ते हेल्मेट बाद करायचं, बाहेरून कितीही धड दिसो.

मग माझी परीक्षा सुरू झाली. गळ्याचा पट्टा न लावता मागची चक्री आवळायची आणि वाकून मान हलवायची. आधी होकारार्थी, मग नकारार्थी. हेल्मेट पडता कामा नये. मी भर दुकानात नंदीबैलासारखी मान हलवली. पहिलं पडलं, दुसरं राहिलं. तिसरं राहिलं, पण कपाळावर दोन बाजूंनी अंगठे रोवल्यासारखं वाटू लागलं. माझं डोकं लांबट आहे आणि ते हेल्मेट गोल डोक्यासाठी होतं, असं निदान झालं. आता डोक्याला आकार असतो हेच मला माहीत नव्हतं. आमच्या घरी फक्त ते आहे की नाही एवढीच चर्चा होते.

पट्टे कानाच्या पाळीखाली जुळले पाहिजेत. चष्म्याच्या दांड्या त्यात अडकता कामा नयेत (अडकल्या, पुन्हा सगळं सैल करून पहिल्यापासून). हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. बोलता आलं पाहिजे, आवंढा गिळता आला पाहिजे. किंमत ऐकल्यावर आवंढ्याची परीक्षा आपोआपच झाली. मग पाठीवर सॅक अडकवून वर बघायला सांगितलं. बऱ्याच हेल्मेटांची मागची कड सॅकवर आपटते आणि पुढची डोळ्यांवर येते, म्हणजे नेमकं वर बघायच्या वेळी दिसायचं बंद. हे हेल्मेट आपटलं नाही. मला ते ऐटीत जरा मागे सरकवायचा मोह झाला, तशी कन्येनं ते परत पुढं ओढलं. "बाबा, कपाळ उघडं टाकलंस तर ते घालून उपयोग काय?"

"आणि काका, टक्कल असलं तर उन्हात आत पातळ टोपी घाला," दाढीवाल्यानं हळूच सुचवलं. "नाहीतर भोकांतून ऊन लागून डोक्यावर ठिपके उठतात."

पंधरा मिनिटं घालून राहा म्हणाला. बोचणारी जागा असली तर तेवढ्यात कळते. मी हेल्मेट घालून बाकावर बसलो. कन्येनं तेवढ्यात स्वतःचं जुनं हेल्मेट पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं. तिलाही नवीन घ्यायचं होतं. दाढीवाल्यानं ते उचललं, उलटं केलं, आणि एकदम गप्प झाला. मी उठून बघितलं. उजव्या बाजूला, कानाच्या चार बोटं वर, मुठीएवढा खळगा होता. आतला फेस आरपार तडकलेला.

"हे काय?"

"माकड होतं," ती म्हणाली. "मागच्या डिसेंबरात. काही झालं नाही."

डिसेंबरातला तो रविवार मला आठवला. रात्री येऊन तिनं भूक नाही म्हणून नुसता दहीभात खाल्ला होता, आणि मी तिला रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याबद्दल चांगलं अर्धा तास ऐकवलं होतं. मी त्या खळग्यात बोटं घालून बघितली. चारही बसली. मग मी आपल्या डोक्यावर हात नेला, तर तिथं हेल्मेट होतं. ते आहे हेच मी विसरून गेलो होतो.

"हे बरोबर बसलंय," दाढीवाला म्हणाला.

पैसे मी दिले. दोन्हींचे. बँकेत इतकी वर्षं काढून, घासाघीस न करता दिलेले ते पहिलेच पैसे. माझ्या हेल्मेटावर मार्करनं नाव लिहिणार होतो, तर तेही करायचं नसतं म्हणे. शाईतल्या द्रावणानं कवच खराब होऊ शकतं.

परत येताना मी ते डोक्यावरून काढलंच नाही. कन्या ओरडत होती, "बाबा, हे स्कूटरला चालत नाही!" पण म्हटलं, नव्याची नवलाई आहे. चौकात हवालदारांनी शिट्टी मारली.

"काका, यावर आयएसआयचा शिक्का कुठाय?"

मी पाच किलोच्या गोळ्याची गोष्ट सुरू केली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि पावती फाडली. चाळीस वर्षं बोडक्यानं फिरलो, तेव्हा कधी सापडलो नाही. ज्या दिवशी हेल्मेट घातलं, त्या दिवशी दंड भरला. कायद्यानं मात्र हवालदार बरोबर होते. डोंगरातलं हेल्मेट वेगळं, रस्त्यातलं वेगळं.

रविवारी तैलबैलाला गेलो. त्या दोन काळ्या उभ्या भिंती मी लांबून पूर्वीही पाहिल्या होत्या, पण तिच्यावर आपलं माणूस असलं की भिंतीची उंची बदलते. कन्या वर वर जात लहान होत गेली. आधी तिचे हात दिसेनासे झाले, मग पाय; शेवटी काळ्यावर एक पिवळा ठिपका उरला. तिचं नवं हेल्मेट. मी तोंड उघडं टाकून, मान मोडेपर्यंत वर बघत होतो. कड सॅकवर आपटत नव्हती, हे नमूद करतो.

एवढ्यात वरून कुणीतरी "दगड!" म्हणून ओरडलं. असं ओरडलं की वर बघायचं नसतं, हे मला सांगून ठेवलं होतं. मी खाली बघितलं. टक्. शेंगदाण्याएवढा खडा असेल. पायाशी पडला आणि घरंगळत गेला. मी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. कड्यावर एक माकड शांतपणे खाजवत बसलं होतं.

रात्री घरी आल्यावर ही म्हणाली, "सगळं नीट झालं ना? काही झालं नाही ना?"

"माकडं होती," मी म्हटलं, आणि दहीभात वाढून घेतला.